एलियम रेझिन: नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये चालेल का?

आर्केमा कंपनीचे एलियम, म्हणजे काचेच्या कापडात मुरवून फायबरचे तुकडे करायचे रेझिन, नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनसारखेच ओतता येते, पण घट्ट झाल्यावर थर्मोप्लास्टिक बनते. तुकडा तापवून पुन्हा वाकवता येतो, दोन भाग वेल्ड करता येतात. याच गुणांसाठी ते घ्यावे. नुसत्या टाक्या नि पत्रे करायचे असतील तर पॉलिस्टर सोडू नका.

रेझिन पातळ आहे, सुमारे 100 सेंटिपॉइज. काचेच्या कापडाच्या जाड थरांतही झरझर शिरते. मात्र कापडावरचे सायझिंग (धाग्यांवरचा लेप) ॲक्रिलिकला जुळणारे मागा, कारण हे रेझिन ॲक्रिलिक आहे, नाहीतर थर सुटतात. थर्मोकोलचा गाभा ठेवलात तर तो विरघळून जाईल.

हे रेझिन प्लास्टिकच्या बॅगेखाली बंद केलेल्या कापडात व्हॅक्यूमने ओढून घेतात, आणि खरी मेख त्या व्हॅक्यूममध्येच आहे. रेझिनमधल्या एमएमएचा (मिथाइल मेथाक्रिलेट, चटकन उडणारा द्रव) बाष्पदाब 20 अंशांना साधारण 28 मिमी (पाऱ्याचे), 40 अंशांना 75 च्या पुढे. पूर्ण व्हॅक्यूम ठेवला की बॅगेतच उकळी फुटते आणि तुकड्यात पांढरट बुडबुडे राहतात. गळती तपासताना पूर्ण ओढा, रेझिन सोडताना गेज 500-550 मिमीवर आणा. आणि हो, नाशिक 600 मीटर उंचीवर असल्याने सुई 700 च्या आसपासच थांबते. पंपाला दोष देऊ नका.

हार्डनर म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड, 50 टक्केवाली पावडर, रेझिनच्या 2-3 टक्के. पूर्ण विरघळवून गाळून घ्या, कण राहिला तर तिथेच आधी गरम होते. सुरुवातीला काहीच घडत नाही, मग तापमान एकदम उसळते. जाड तुकड्यात, विशेषतः नुसते रेझिन साचलेल्या कोपऱ्यात, ते 100 अंशांवर गेले की एमएमए उकळते. तिथे कापड दाबून बसवा, पावडर कमी करा. एप्रिल-मेमध्ये काम पहाटेच उरका.

ब्रशने उघड्यावर लेअप करणाऱ्यांना (थरावर थर रेझिन लावणाऱ्यांना) हे रेझिन नाहीच: हवेत वरचा थर चिकट राहतो.

वास उग्र आहे, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) जेमतेम 10 अंश. जवळ ग्राइंडर नको. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून एक्झॉस्ट जमिनीलगत लावा. नायट्रिल हातमोजे लवकर झिरपतात, सारखे बदला. ड्रम सावलीतच ठेवा, तापलेल्या पत्र्याखाली नको.