तीळ जाळला, वर बायोप्सीचे पैसेही घेतले

आईच्या तळपायावर जुना काळा तीळ होता. दिवाळीनंतर तो पसरायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. मोफत तपासणीचा बोर्ड वाचून आई आणि मावशी सांगलीतल्या एका लेझर क्लिनिकमध्ये गेल्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं, "कॅन्सरचा असू शकतो, आजच काढू." घाबरलेल्या बाईला विचार करायला वेळच दिला नाही. साडेआठ हजार घेतले, त्यातच बायोप्सीचे, म्हणजे काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासायचे पैसेही धरले. तीळ तिथल्या तिथे जाळून टाकला.

रिपोर्टसाठी फोन केला की "उद्या येईल". शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला : सगळं नॉर्मल. त्यावर ना सॅम्पलचा नंबर, ना सही. वर ज्या लॅबचं नाव होतं तिथे मी स्वतः गेले. आईच्या नावाचं सॅम्पल तिथे आलेलंच नव्हतं.

मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं ते ऐकून मला रडू आलं. संशयास्पद तीळ कधीच जाळायचा नसतो. तो भोवतीच्या थोड्या कातडीसकट कापून काढतात, तुकडा खराब होऊ न देणाऱ्या फॉर्मलिन नावाच्या द्रवाच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे लॅबमध्ये तो तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. जाळल्यावर तपासायला काही उरतच नाही. मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, आपल्याकडे कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. म्हणजे नेमक्या ज्या जागी काळजी घ्यायची तिथलाच पुरावा या माणसाने नाहीसा केला, आणि खोटा दिलासा विकला. पैशाचं एक वेळ सोडा, हे मी विसरणार नाही. आता व्रणावर पुन्हा काळं दिसतंय का, यावर लक्ष ठेवायचं, दिसलं तर लगेच बायोप्सी.

तुमच्या घरी कुणाचा तीळ रंग बदलत असेल, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा होत असेल, रक्त येत असेल, तर एमडी स्किन किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाचा डिप्लोमा) असलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. ते डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतात. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. तीळ काढला की बाटली आणि तिच्यावरचं नाव डोळ्यांनी बघा, लॅबची पावती मागा, पक्कं बिल घ्या. आम्हाला कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला होता, तोही मी जपून ठेवलाय.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. आमची तक्रार तयार होतेय. असाच बिनसहीचा रिपोर्ट कुणाला मिळाला असेल तर तो डिलीट करू नका, आणि त्यावर ज्या लॅबचं नाव आहे तिथे आजच जाऊन विचारा.