वेळासचा कासव महोत्सव आणि होमस्टे: जेवणाला पाच, राहण्याला साडेतीन

कासवांना स्टार द्यायचा आपल्याला काही अधिकार नाही, म्हणून ते सोडून बाकीचं लिहिते.

वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोट किल्ल्याजवळचं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच, पण हल्ली फेब्रुवारी ते एप्रिल इथे गर्दी होते ती ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. आम्ही मार्चमध्ये गेलो, पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ असं करत. रस्ता मधे मधे बेकार आहे. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडला-वेसवी फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे उतरता येतं.

राहायचं गावकऱ्यांच्याच घरात. पडवीत किंवा खोलीत गाद्या, एसी विसरा, बाथरूम आमच्याकडे दोन कुटुंबांत एक होतं आणि सकाळी रांग लागायची, म्हणून साडेतीन. जेवणावर मात्र बोलायला जागाच नाही, नाश्त्याला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, दुपारी कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी, आणि काकू वाढताना पुरे म्हटलेलं ऐकतच नाहीत.

आता मेन गोष्ट. पिल्लं दिसतीलच याची गॅरंटी नाही, हे बुकिंग करतानाच सांगतात आणि तरी लोक भांडतात. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित पुरून ठेवायची जागा, आहे, आत प्रत्येक घरट्यावर टोपली, सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर ती वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण चालत पाण्याकडे जातात. आमच्या शेजारचा एक ग्रुप पहिल्या संध्याकाळी काहीच निघालं नाही म्हणून वैतागला, पैसे भरलेत ना मग पिल्लं कुठायत. तिथले कासवमित्र दादा शांतपणे म्हणाले, "अंडी काय आपल्या टायमावर फुटतात होय?" दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली, आणि तोच ग्रुप फ्लॅश मारू नका सांगूनही फ्लॅश मारत होता, असो.

मला विचाराल तर आपण पैसे कशाचे देतो हे त्या टोपलीच्या आधी बघायला पाहिजे. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, परत वळून बघत नाही. कुत्रे-कोल्हे पोचायच्या आत गावातलं कोणीतरी अंधारात किनारा चालून तिच्या पायांचा माग काढतं, अंडी तशीच अलगद हॅचरीत आणून पुरतं, तारीख लिहून ठेवतं आणि मग दीड-दोन महिने राखण. हे सगळा सीझन, साधारण नोव्हेंबरपासून. वनखात्याकडून काही जणांना मानधन आहे, पण हिशोब मांडला तर त्या मानधनासाठी कोणी पहाटेची झोप मोडणार नाही.

पूर्वी हीच अंडी खायला-विकायला जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे वगैरे मंडळींनी, इथे संवर्धन सुरू केलं, २००६ पासून महोत्सव, आणि मग हळूहळू घराघरात पाहुणे. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव प्रथमा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि काकू म्हणाल्या की बाग परत धरेपर्यंत पाहुण्यांचाच काय तो आधार. म्हणजे आधी फुकटात केलेलं काम पुढे गावाच्या उपयोगी पडलं, पण आधी फुकटातच केलं ना कोणीतरी.

माझ्या मावसभावाला हे ऐकून एकदम उत्साह आला, आम्हाला व्हॉलंटियर म्हणून अंडी हलवायला घ्याल का. घेत नाहीत, आणि बरोबरच आहे. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिवाय घातल्यावर काही तासांनी अंडं उलटसुलट झालं तर आतला जीव मरतो, दोन दिवसांच्या पाहुण्याच्या हातात ते कोण देईल. दादांनी त्याला सुरूच्या बनाकडे बोट दाखवून सांगितलं, तिकडे तुटकी जाळी येऊन पडलीत ती काढा. मग आम्ही सगळ्यांनीच काढली, वाळूत रुतलेलं नायलॉनचं जाळं ओढताना कंबर निघते, मोठी कासवं यातच अडकतात. फोटोला मात्र यात काहीच ग्लॅमर नाही, त्यामुळे ग्रुपवर लाइक कमी.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, दोरीमागे उभं राहायला धड जागा मिळते आणि गावालाही मधल्या वारी पाहुणे हवेच असतात. निघायच्या आधी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा, कॅश ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी हवी असेल तर काकूंना आदल्या रात्रीच सांगा, सकाळी सांगितलंत तर बटाटा मिळेल.