हमीच्या भाड्याचा बंगला : दापोलीतील आमची फसवणूक

ऑक्टोबर २०२१ मध्ये दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात आम्ही ४६ लाख रुपयांना दोन शयनगृहांचा बंगला विकत घेतला. तो पर्यटकांना भाड्याने देण्याची सगळी व्यवस्था विक्रेता पाहणार होता आणि तीन वर्षे आम्हाला किमतीच्या ९ टक्के, म्हणजे वर्षाला ४ लाख १४ हजार रुपये हमीचे भाडे मिळणार होते. १४ महिने भाडे आले आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते कायमचे थांबले. अशा योजनेत निवृत्तीचा पैसा घालण्याच्या विचारात असलेल्यांनी पुढचा तपशील सह्या करण्यापूर्वी वाचावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. त्यामुळे बंगल्याचे जोते, गच्चीचा उतार, भिंतींची ओल आणि विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मी स्वतः दोनदा जाऊन तपासला होता. सातबारा, फेरफार, बिगरशेतीचा आदेश आणि तीस वर्षांचा शोध अहवाल आमच्या वकिलांनी पाहिला होता. महारेराचा नोंदणी क्रमांकही संकेतस्थळावर जुळवून पाहिला होता. ही सगळी कागदपत्रे खरी होती आणि बंगला आजही निर्वेधपणे आमच्या नावावर आहे. फसवणूक लक्षात यायला इतका उशीर लागला त्याचे कारण हेच. खोटेपणा होता तो भाड्यात, आणि भाड्याची चौकशी मी केलीच नव्हती. महारेराचा क्रमांक बांधकाम प्रकल्पाचा असतो, भाड्याच्या आश्वासनाला त्याचा काही आधार नसतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कागद दोन होते. खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रीतसर नोंदवले गेले. हमीच्या भाड्याचा मजकूर मात्र त्यात एका ओळीनेही आला नव्हता; तो १०० रुपयांच्या मुद्रांकावरील, नोंदणी न केलेल्या ‘व्यवस्थापन करारा’त होता आणि तो करार विक्रेत्याशी नसून एका वेगळ्या खासगी मर्यादित कंपनीशी होता. मी हे विचारले तेव्हा विक्री प्रतिनिधी म्हणाला, “काका, कागदापुरते नाव वेगळे आहे, माणसे आम्हीच आहोत. काकूंनी हवे तेव्हा इथे येऊन राहावे, घर तुमचेच आहे.” त्या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल अवघे १ लाख रुपये होते. ही माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी ती पाहिली २०२३ मध्ये. अशा सोळा बंगल्यांची हमी ज्या कंपनीने घेतली, तिच्याकडून वसूल करण्यासारखे काहीच नव्हते आणि ज्याच्याकडे आमचा पैसा गेला, त्या विक्रेत्याने हमीच्या कागदावर सही केली नव्हती.

आता भाड्याचा खरा हिशेब सांगतो. तो मी सह्या करण्याआधी एका संध्याकाळी मांडू शकलो असतो, आणि त्याची खंत मला पैशापेक्षा अधिक आहे. दापोलीच्या किनाऱ्यावर गर्दी होते ती शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तुरळक पाहुणे येतात आणि सोमवार ते गुरुवार गावे रिकामी असतात. वर्षाला १०० रात्री बंगला भरला आणि रात्रीचे ५ हजार रुपये मिळाले, असे उदारपणे धरले तरी एकूण जमा ५ लाख होते. त्यातून केअरटेकरचा पगार १ लाख ४४ हजार, वीज सुमारे ६० हजार, आरक्षण मिळवून देणाऱ्यांचे कमिशन १५ टक्क्यांनी ७५ हजार, आणि खाऱ्या हवेने दरवर्षी गंजणाऱ्या जाळ्या, पंप, गिझर, रंगकाम आणि चादरींच्या धुलाईचे आणखी ६० हजार वजा केले, तर हाती १ लाख ६१ हजार राहतात. म्हणजे साडेतीन टक्के. जो व्यवसाय साडेतीन टक्के देतो, त्यातून चालवणारा स्वतःचा नफा काढून आम्हाला ९ टक्के कोठून देणार होता, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता.

उत्तर पुढे सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीविक्रीच्या सरकारी उताऱ्यात मिळाले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच गावातील, त्याच काळात झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा साधारण आमच्याएवढे घर ३० ते ३२ लाखांना विकले गेल्याचे दिसले. आमच्याकडून सुमारे १५ लाख रुपये जास्त घेतले गेले होते आणि तीन वर्षांच्या हमीची पूर्ण रक्कम होती १२ लाख ४२ हजार. याचा अर्थ असा, की त्यांनी शेवटच्या महिन्यापर्यंत भाडे दिले असते तरी ते आमच्याच पैशातून आम्हाला परत मिळाले असते. जे १४ हप्ते मिळाले, त्यांना मी उत्पन्न समजत होतो आणि त्यांतूनच मुलाच्या नावे काढलेल्या १८ लाखांच्या कर्जाचा हप्ता भरत होतो.

पहिली धोक्याची सूचना भाडे थांबण्याच्या सात महिने आधी मिळाली होती. दरमहा ३४,५०० रुपयांतून १० टक्के टीडीएस, म्हणजे आमच्या वतीने सरकारला भरायचा कर, कापून ३१,०५० रुपये खात्यात येत. जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरताना आमच्या सनदी लेखापालांनी फॉर्म २६ एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा तपशील, उघडून दाखवला. त्यात त्या कंपनीची एकही नोंद नव्हती. “कापलेला कर सरकारजमा झालेला नाही, हे लक्षण बरे नाही,” असे ते स्पष्टपणे म्हणाले. मी कंपनीला विचारले, त्यांनी हिशेबनीस बदलल्याचे सांगितले, आणि पुढच्या महिन्याचे भाडे वेळेवर आल्यामुळे मी गप्प बसलो. जो माणूस सरकारचा पैसा स्वतःजवळ ठेवून घेतो, तो माझा पैसा देत राहील असे मी का मानले, याचे समर्थन मी आज देऊ शकत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गच्ची गळत असल्याने बंगला दुरुस्तीसाठी बंद ठेवला आहे, असे कळवण्यात आले. कोकणात फेब्रुवारीत गच्ची गळत नाही, हे मला कळत होते. तरीही टाकीची जलवाहिनी फुटली असेल असे मी मनाला समजावले. खरी माहिती विजेच्या बिलाने दिली. मीटर खरेदीपासून आमच्या नावावर होता, बिल मात्र कंपनी भरत असे. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून मी मागची बिले काढली. बंद घरात अंगणातला दिवा आणि अधूनमधून चालणारा पंप धरून महिन्याला ३०-४० युनिटपेक्षा अधिक वीज जळण्याचे कारण नव्हते. मार्चचे युनिट ३१०, एप्रिलचे ५४० आणि मे महिन्याचे ७८० होते. दोन्ही खोल्यांची वातानुकूलन यंत्रे रात्रभर चालल्याशिवाय एवढी वीज खर्च होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात न कळवता गेलो, तेव्हा केअरटेकरने पाहुण्यांची नोंदवही स्वतःहून समोर ठेवली. त्या बिचाऱ्यालाही पाच महिने पगार मिळाला नव्हता. “साहेब, पैसे पाहुणे मोबाईलवरच भरून येतात, माझ्या हातात काही येत नाही,” असे तो म्हणाला. एप्रिल आणि मे मिळून ४१ रात्री घर भरलेले होते.

कराराच्या वेळी आम्हाला पुढील तारखांचे धनादेश दिले होते. भाडे थेट खात्यात येईल, धनादेश बँकेत टाकू नका, अशी विनंतीही केली होती. भाडे थांबल्यावर “थोडे थांबा, धनादेश परत गेला तर आमचे खाते गोठेल,” असे दर आठवड्याला सांगून त्यांनी आमचे तीन महिने काढले. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच वैध असतो, त्यामुळे फेब्रुवारीचा धनादेश आमच्या कपाटातच निरुपयोगी झाला. मे अखेरीस मार्च, एप्रिल आणि मेचे धनादेश टाकले. तिन्ही ‘खाते बंद’ या शेऱ्यासह परत आले. परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर रक्कम देण्यासाठी १५ दिवस आणि ते उलटल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार, असा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा क्रम आहे. तो आम्ही पाळला म्हणून त्या तीन धनादेशांचा खटला तरी उभा राहिला.

एवढ्यावर नुकसान थांबले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणचे भरारी पथक आले आणि घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवल्याबद्दल विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली, लागू दराच्या दुपटीने आकारणी झाली. भरलेली बिले वजा जाता ६२ हजार रुपये देय निघाले. ग्राहक म्हणून नाव आमचे, त्यामुळे भरणेही आमच्याकडे आले. जोडणी बदलून घेतल्याचे आणि पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी झाल्याचे कंपनीने सांगितले होते. प्रमाणपत्र पाहायला मागायचे मला सुचले नाही. नफा त्यांनी घेतला आणि मालक म्हणून येणारी प्रत्येक जबाबदारी आमच्या दारात ठेवली, ही गोष्ट माझ्या पत्नीला सर्वांत जास्त लागली.

अशी योजना कोणी आपल्यासमोर मांडली, तर भाड्याचा शब्द विक्रेत्याच्या सहीने नोंदणीकृत दस्तात घालून मागावा. आधीच चालू असलेल्या एखाद्या बंगल्याची बारा महिन्यांची पाहुण्यांची नोंदवही आणि त्याच महिन्यांची वीजबिले शेजारी ठेवून पाहू द्या, असे सांगावे. माझ्या अनुभवाने या दोन कागदांचे एकमेकांशी जमले नाही, तर पुढे काही पाहण्याची गरज उरत नाही. हमीचे भाडे बाजूला ठेवून तेच घर कितीला देता, हेही जरूर विचारावे; त्या उत्तरातला फरक म्हणजेच आपले तीन वर्षांचे भाडे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वकिलांची नोटीस देऊन आम्ही बंगल्याचा ताबा परत घेतला. शेजारच्या अकरा मालकांसह दिलेल्या तक्रारीचा तपास सुरू आहे आणि धनादेशांच्या खटल्यात तारखा पडत आहेत. त्याच केअरटेकरला ठेवून, मीटर वाणिज्यिक करून घेऊन आता आम्ही स्वतः बंगला चालवतो. नोव्हेंबर २०२३ पासून पुढच्या पूर्ण वर्षात ८३ रात्री पाहुणे आले, एकूण ४ लाख १५ हजार रुपये जमा झाले आणि सर्व खर्च जाऊन १ लाख २४ हजार उरले.