गणित पेटी वर्षभर वापरल्यावर: पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गातून

तालुक्याच्या गावातली नगरपरिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत, पट चोवीस. या वर्गात गणित पेटी जूनपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज वापरात होती. पेटी उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण कोणती वस्तू आधी काढायची आणि एका गटाला किती द्यायची, यावर सगळा खेळ आहे. पहिल्याच महिन्यात तयार दशक दांडे, म्हणजे दहा ठोकळ्यांइतक्या लांबीचे एकसंध दांडे, वाटले तर पेटीचा निम्मा फायदा वाया जातो.

पेटीत साधारण शंभर मण्यांची माळ, शंभर सुटे ठोकळे, दशक दांडे, शतक पाट्या, खेळातल्या नोटा, फासे, घड्याळ, भौमितिक आकार आणि अंककार्डं येतात. सर्वांत जास्त काम माळेने आणि दशक-सुट्यांनी केलं.

माळेत दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, अशी आलटून-पालटून रचना असते. सोबत येणारा दोरा हमखास कमी पडतो. मणी १२ मिलिमीटरचा असेल तर शंभर मण्यांनाच १२० सेंटिमीटर लागतात, म्हणून दोन खिळ्यांत किमान १४० सेंटिमीटर अंतर हवं. मोकळी जागा नसेल तर मणी सरकत नाहीत आणि मुलं नुसतं बोट ठेवून मोजतात. त्यात एखादा मणी दोनदा मोजला जातो किंवा सुटतो. सुती दोरा पावसाळ्यात सैल पडतो, मधोमध झोळ येतो आणि सगळे मणी तिथेच गोळा होतात. तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) ओवली की हा त्रास संपतो. गाठ मात्र दुहेरी मारून टोकाला मोठं बटण लावावं. माळ पहिलीच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर टांगायची. फळ्याच्या वर टांगलेली माळ फक्त शिक्षकांच्या कामाची.

संख्या दाखवायला कपड्यांचा चिमटा उत्तम. तो मण्यावर लावायचा नाही, फटीत लावायचा; २७ दाखवायचे तर सत्ताविसाव्या मण्यानंतरच्या फटीत. मण्यावर लावला की "आधीची संख्या कोणती" या प्रश्नाला निम्मी मुलं एकाने चुकतात, कारण तो मणी मोजायचा की नाही हेच त्यांना कळत नाही. फटीत लावल्यावर डावीकडे दोन पूर्ण रंगपट्टे आणि सात सुटे मणी दिसतात, मोजायची गरजच उरत नाही. मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं तर त्याला फक्त रंगपट्टे विचारावेत: पूर्ण किती झाले, वर किती राहिले.

मराठीत संख्यावाचनाची अडचण खरी आहे. अठ्ठेचाळीस म्हणताना आठ आधी येतो, म्हणून मूल ८४ लिहितं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावं तर पुढच्या दशकावरून पडलेली. नव्व्याण्णव तेवढा वेगळा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांसोबत "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी या पद्धतीची बाजू ठामपणे मांडली. वर्गात दोन्ही वाचनं शेजारी ठेवली तर काही बिघडत नाही. चिमटा लावायचा, "चाळीस आठ" म्हणायचं, मग "अठ्ठेचाळीस" म्हणायचं आणि शेवटी लिहायचं. लिहिणं "चाळीस आठ" ऐकून होत असल्याने अंकांची उलटापालट झपाट्याने कमी होते. एकोणचाळीससाठी चिमटा चाळीसच्या सीमेवर लावून एक मणी मागे घ्यायचा. नाव तसं का, हे तिथेच दिसतं.

आता दशक दांड्यांचं. दांडा एकसंध असतो, मोडता येत नाही. वजाबाकीत दशक सुटा करायचा म्हणजे तो परत करून दहा ठोकळे घ्यायचे. पहिलीच्या मुलाला हा व्यवहार पटत नाही, कारण आपली वस्तू गेली आणि दुसरीच आली असं त्याला वाटतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आइस्क्रीमच्या काड्या आणि गठ्ठे वापरावेत. दहा काड्या मुलाने स्वतः मोजायच्या, बांधायच्या आणि गरज पडली की स्वतःच सोडायच्या. हिराच्या काड्या टाळाव्यात, टोकं डोळ्याला लागतात. बाजारातले रबरबँड दमट हवेत चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापल्या तर वर्षभर टिकतात आणि लहान बोटांनाही सहज चढवता येतात. बांधता-सोडता यायला लागलं की दिवाळीनंतर दांडे काढावेत. मग अदलाबदल एका तासिकेत कळते.

प्रमाण चुकलं की गोंधळ ठरलेला. चार मुलांच्या एका गटाला वीस सुटे पुरतात. हातच्याच्या बेरजेत एककाच्या घरात जास्तीत जास्त ९ अधिक ९ म्हणजे अठरा येतात. दशक सुटा करून वजाबाकीतही ८ आणि दहा मिळून अठराच. दोन जास्तीचे हरवण्यासाठी धरायचे. यापेक्षा जास्त दिले तर मुलं मनोरे रचतात, दहाच दिले तर काम अडतं. पेटीतले शंभर सुटे पाचच गटांना पुरतात. सहाव्या गटाला कडक उन्हात वाळवलेले चिंचोके द्यावेत, ओलसर राहिले तर कीड लागते. दशक प्रत्येक गटाला नऊ आणि वर एक.

वजाबाकीत सगळ्यात मोठी चूक मांडणीत होते. ४२ − १७ साठी मुलं ४२ पण मांडतात आणि १७ पण मांडतात, मग कशातून काय काढायचं हे सुचत नाही. फक्त ४२ मांडायचे: चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. १७ वहीवर लिहिलेले राहू द्यावेत. सात काड्या मागितल्या की मूल थांबतं, हातात दोनच आहेत. इथे शिक्षकांनी बोलू नये. बहुतेक गटांत कोणीतरी गठ्ठ्याकडे हात नेतंच. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी फळ्यावर ४ खोडून ३ आणि २ च्या वर १२ लिहायचं. काड्या सोडणं आणि अंक खोडणं यांत वेळ गेला तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात आणि वहीत पुन्हा ३५ उत्तर येतं, कारण मूल सातातून दोन वजा करून मोकळं होतं. मग सात काढायच्या, पाच उरतात, एक गठ्ठा काढायचा, दोन उरतात. पंचवीस. ५० − २३ सारखी उदाहरणं आठवडाभर मागे ठेवावीत, रिकामं एकक घर हा स्वतंत्र धडा आहे.

नोटा स्थानिक किंमत (अंकाची जागेनुसार ठरणारी किंमत) शिकवायला कामाच्या आहेत, पण दांड्यांनंतरच. दहाच्या नोटेत दहा एक दिसत नाहीत, ते मानावे लागतात. या तासिकेत फक्त १, १० आणि १०० ठेवावेत. २, ५, २० आणि ५० आत आले की घरांचा हिशोब बिघडतो. ते बाजाराच्या खेळासाठी राखावेत.

घड्याळावर मात्र नाराजी आहे. प्लास्टिकच्या तबकडीचे काटे एकमेकांना जोडलेले नसतात. साडेतीन दाखवताना मिनिटकाटा सहावर जातो आणि तासकाटा तीनवरच बसून राहतो. हे सरळसरळ चुकीचं शिकवणं आहे. भिंतीवरचं जुनं बंद घड्याळ घ्यावं, सेल काढून मागची कळ फिरवावी, दोन्ही काटे बरोबर सरकतात. पावणेचारला तासकाटा चारच्या जवळ का असतो, हे मुलं स्वतः सांगतात.

फासे चांगले. ठिपके न मोजता ओळखायची सवय पहिलीत त्यांनीच लागते, फक्त खाली गोणपाट अंथरावं, नाहीतर फरशीवरच्या आवाजात दुसरीला शिकवता येत नाही. आकार ठीक आहेत. अंककार्डं पावसाळ्यात वळतात आणि कपाटात कसर लागते, त्यामुळे ती डब्यातच ठेवावीत.

एकत्र वर्गात पेटीचा आणखी एक फायदा आहे. पहिलीला फासे-काड्यांचं काम लावून दिलं की दुसरीला वीस मिनिटं सलग मिळतात. त्यासाठी प्रत्येक गटाचा वेगळा डबा हवा आणि झाकणावर आत काय, किती याचं चित्र. वाटपाला दोन मिनिटं, गोळा करायला तीन, ही तासिकेतूनच धरायची. घंटा झाल्यावर मोजायला घेतलं तर ठोकळे खिशातून घरी जातात. पहिल्या दोन महिन्यांत हरवतात ते बहुतेक असेच. मोजणी मुलांनीच करावी, वीस सुट्यांचे दोन दशक करून.

जानेवारीपासून साहित्य हळूहळू काढून घेणं तितकंच महत्त्वाचं आहे. आधी काड्यांऐवजी वहीत चित्र: उभी रेघ म्हणजे दशक, टिंब म्हणजे एकक. रेघ खोडून दहा टिंबं काढता आली की नुसते अंक. फेब्रुवारीअखेर बहुतेकांना काड्या लागत नाहीत, ज्यांना लागतात त्यांना खुशाल द्याव्यात. थेट काड्यांवरून अंकांवर उडी मारली तर वर्षअखेरच्या संकलित चाचणीत तीच मुलं बोटं मोजत बसतात.

किंमत परवडत नसेल तर काड्या, चिंचोके, ट्यूबच्या चकत्या आणि जुनं घड्याळ यांवर सत्तर टक्के काम होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला नेलेलं बालशिक्षणाचं काम बिया, खडे, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंवरच उभं राहिलं होतं. विकत घ्यायची असेल तर दुकानातच तीन गोष्टी तपासाव्यात: दहा सुटे रांगेत लावून दशक दांड्याच्या लांबीशी जुळतात का, मण्यांची भोकं सारखी आहेत का, आणि घड्याळाचे काटे जोडलेले आहेत का. पहिली गोष्ट जुळली नाही तर पेटी परत करावी.