दहा शिलिंगांची सही

गाणं विकायला निघालेल्या प्रत्येकाने सॉलोमन लिंडाची फसवणूक कशी झाली ते आधी समजून घ्यावं.

1939 साली जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत हा झुलू गायक आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' हे गाणं रेकॉर्ड करत होता. तिसऱ्या टेकच्या शेवटी शेवटी त्याने आयत्या वेळी वरच्या पट्टीत एक सुरावट घेतली. पुढे जगभर गाजली ती हीच. रेकॉर्ड आफ्रिकेत लाखाच्या घरात खपली. लिंडाने मात्र हक्क लिहून दिले ते दहा शिलिंगांना, आणि नोकरी केली त्याच कंपनीत रेकॉर्डी पॅक करण्याची! काळ्या गायकाच्या हातावर एकरकमी पैसे टेकवायचे आणि विषय संपवायचा, असा तिथला रिवाज होता. रॉयल्टी मागायची कोणाच्या जोरावर?

1961 मध्ये 'टोकन्स' या गोऱ्या गटासाठी त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले गेले आणि 'द लायन स्लीप्स टुनाइट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. श्रेयनामावलीत लिंडा नाही. त्याआधी ही चाल अमेरिकेत नेणाऱ्या लोकगायक पीट सीगरने निदान हजार डॉलर पाठवले होते, हे सांगायला हवं. 1962 मध्ये लिंडा गेला तेव्हा बँकेत 25 डॉलरही नव्हते. कबरीवर दगड बसवायला घरच्यांना कित्येक वर्षं जमलं नाही.

खरी मेख पुढे आहे. 1911 च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार मृत्यूनंतर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत यायचे. ते घरात कोणाला ठाऊकच नव्हतं, आणि दरम्यान विधवेच्या व मुलींच्याही सह्या घेऊन झाल्या होत्या. 1994 मध्ये डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटात हे गाणं आलं. 2000 साली पत्रकार रियान मलान यांनी प्रकरण उजेडात आणलं. गाण्याची कमाई दीड कोटी डॉलर असावी, असा त्यांचा अंदाज होता. डिस्नेवर दावा लागला तेव्हा कुठे 2006 मध्ये तडजोड झाली.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा निर्मात्याला लिहून देताच येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. त्यामुळे कंपन्या तिथे 'कायमस्वरूपी' असं छापूनच आणतात. सहीआधी ती ओळ शोधा, खोडून वर्षं लिहा, आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.