नांदूर मध्यमेश्वर की भिगवण? चालायचंय का बसायचंय ते आधी ठरवा

थंडी पडली की आमच्या ग्रुपवर हाच प्रश्न येतो, पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला जाऊ का भिगवणला, आणि उत्तर काय येतं तर "दोन्ही भारी आहेत". अरे पण माणसाकडे रविवार एकच आहे ना! मी दोन्हीकडे तीन-चारदा जाऊन आलोय. माझं म्हणणं, पक्षी कुठे जास्त हा प्रश्न सोडा, तुम्हाला पायी फिरायचंय का होडीत बसायचंय ते बघा.

नांदूर ही चालणाऱ्यांची जागा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे ब्रिटिशांच्या काळातला दगडी बंधारा आहे, वरून दारणा-गंगापूरचं पाणी येतं ते इथे अडवून कालव्यांना सोडतात. आता इतकी वर्षं गाळ साचून साचून मागे उथळ पाणी, छोटी बेटं, पाणकणीस असं सगळं तयार झालंय, म्हणजे इरिगेशनवाल्यांची डोकेदुखी ती पक्ष्यांची पंगत. 1986 पासून अभयारण्य आहे, साधारण 100 चौरस किलोमीटर, आणि 2020 मध्ये रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, राज्यातलं पहिलं नाव म्हणून पेपरात झळकलं होतं.

चापडगावला तिकीट काढून आत शिरलात की पाण्याच्या कडेकडेने वाट आहे, मधे मनोरे आहेत. सगळं सपाट. हरिश्चंद्रगडवाल्यांनी हे ट्रेक समजून येऊ नये, पण उजाडल्यापासून दहापर्यंत थांबत थांबत चार-पाच किलोमीटर आरामात होतात आणि खरी मजा त्या थांबण्यातच आहे. पाणकणसातून जांभळी पाणकोंबडी डोकावते, पानांवर कमळपक्षी, कडेला शेकाटे, लांब थापटे आणि तलवार बदकं, आणि मग वरून एखादा दलदली भोवत्या तरंगत आला की सगळी बदकं एकदम उठतात, तो पंखांचा आवाज कुठल्याही व्हिडिओत येत नाही. नशीब असेल तर क्रौंचही दिसतात. दुपारी खाणगाव थडीच्या बाजूला गेलात तर तोच जलाशय वेगळा वाटतो.

वैताग एकच, पक्षी लांब असतात. निदान 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण हवीच, नाहीतर स्थानिक गाईड घ्या, पोरं तयार आहेत, मला ठिपका दिसतो तिथे ते नाव सांगतात. मोबाईलवर फोटो काढायचे असतील तर हात हलवत परत याल. आणि निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत का असतो ते पहाटे बोटं बधिर झाली की कळतं. अजून एक, आजूबाजूला ऊस आहे आणि उसात बिबट्या, त्यामुळे अंधारात एकट्याने पायी निघू नका, हे मी घाबरवायला सांगत नाहीये.

भिगवणचं गणित उलटं. भीमेवर 1980 मध्ये उजनी धरण झालं, त्याचं बॅकवॉटर म्हणजे आपलं भिगवण. ना गेट ना पायवाट. कुंभारगाव किंवा डिकसळला जायचं, मासेमारी करणाऱ्याच एखाद्या दादाची होडी ठरवायची आणि तास-दीड तास पाण्यात. पक्षी इतके जवळ की साध्या कॅमेऱ्यालाही फ्रेम मिळते. रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चित्रबलाक, नदी सुरय, शिवाय कुरव पक्ष्यांचा गोंधळ. फोटोसाठी जात असाल तर पुढचं वाचूच नका, इथेच जा.

फक्त महिना बघा. पावसाळ्यानंतर उजनी भरलेलं असतं, काठापर्यंत पाणी, मग रोहित उभा राहणार कुठे? त्याला घोटाभर पाणी आणि चिखल लागतो. पाणी ओसरत जातं तसे ते येतात, म्हणून फेब्रुवारी-मार्च बेस्ट. नोव्हेंबरात जाऊन "फ्लेमिंगो नाहीत" म्हणून होडीवाल्यावर चिडणारे मी बघितलेत. एकदा मात्र आमचाच होडीवाला फोटोसाठी थेट थव्यात घुसला आणि दोनशे-तीनशे पक्षी उडाले, आजूबाजूला लोक खूश, मला लाज वाटली. त्यामुळे निघतानाच सांगायचं, दादा, लांबच थांबा, आम्हाला घाई नाही. बहुतेक जण ऐकतात. चालायची हौस तिथे भागत नाही, कडबनवाडीचा माळ जवळ आहे, चिंकारा दिसतात, पण वनखात्याचं बुकिंग बघून जा, उगाच गवतात शिरू नका.

आई-बाबांना घेऊन? मी भिगवण म्हणेन, पण होडीत चढताना चिखल असतो, गुडघे दुखत असतील तर नांदूरचा पहिला मनोरा खालूनच बघा आणि वाटेवर बसून राहा, पक्षी तिथेही येतात. लहान पोरं असतील तर होडी, प्रश्नच नाही. जेवणात भिगवण सरळ जिंकतं, चिलापी फ्राय आणि भाकरी, नांदूरला डबा न्या. गाडी नसेल तर दोन्हीकडे रेल्वे आहे, निफाड आणि भिगवण, पण स्टेशनपासून पुढचं वाहन आधीच ठरवून ठेवा.

माझ्यापुरतं, डिसेंबर-जानेवारीत एकटा किंवा दोघं असलो तर नांदूर, मार्चमध्ये गँग असली तर भिगवण. आणि भिगवणला निघायच्या आदल्या दिवशी उजनी किती टक्क्यांवर आहे ते पेपरात बघून घ्या.