ब्युनोस आयर्समध्ये एकच रात्र असेल तर: पारिशा की असादोचं टेस्टिंग?

ब्युनोस आयर्सला उतरलेल्या मांसाहारी प्रवाशापुढे संध्याकाळी दोन वाटा असतात. एक म्हणजे पारिशा: निखाऱ्यावर मांस भाजून देणारं, जवळजवळ प्रत्येक वस्तीत असलेलं हॉटेल. मेन्यू बघायचा, मागवायचं, खायचं. दुसरी वाट नवी आहे आणि उघडउघड प्रवाशांसाठी काढलेली आहे: शेगडीभोवतीच्या कट्ट्यावर अनोळखी लोकांच्या शेजारी बसून आठ-नऊ टप्प्यांत खायचं असादोचं, म्हणजे विस्तवावर भाजलेल्या मांसाचं, टेस्टिंग. पालेर्मो भागातलं 'फोगोन असादो' हे या प्रकारातलं ओळखीचं नाव. त्याच पालेर्मोत १९९९ पासूनचं 'दोन हुलिओ' आहे. मिशलिन गाइड २०२३ मध्ये अर्जेंटिनात आलं आणि या पारिशाला तारा मिळाला. त्यामुळे 'खरं ते पारिशातच, टेस्टिंग हे पर्यटकांचं' असा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो ऐकण्याआधी किती जण जेवायला जाणार आहात ते मोजा.

कारण पारिशातलं गणित माणसांच्या संख्येवर चालतं. बीफे दे चोरिसो (यात चोरिसो सॉसेज नसतं, हा कमरेकडचा जाड स्टेक असतो) एका माणसासाठी म्हणून येतो तो ४०० ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून मोठा. दोघांनी एक प्रोवोलेता (भाजलेलं चीज), एकेक चोरिसो आणि एक स्टेक घेतला की पोट भरलं. तिरा दे असादो, म्हणजे बरगड्या आडव्या कापून काढलेली पट्टी, राहिली. वासिओ (पोटाकडचं मांस) राहिला, एन्त्रान्या (पोटाच्या पडद्याचं मांस) राहिली, मोशेहा राहिली. चौघं-पाचजण असाल तर हा प्रश्न उरत नाही, सगळं मागवता येतं आणि वाटून खाता येतं. दोघांसाठी मात्र मेन्यूवर एकच तोडगा दिसतो: पारिशादा, म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं एकत्र. माझा कौल जिथे फिरला ती जागा हीच.

पारिशादा बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या छोट्या लोखंडी शेगडीत येते. तिला ब्रासेरो म्हणतात. खाली मूठभर निखारे, वर जाळी, जाळीवर चोरिसो, मोरसिशा (रक्ताचं सॉसेज), चिंचुलिनेस, मोशेहा, तिरा आणि वासिओचा तुकडा. दिसायला दिमाखदार. अडचण अशी की या प्रत्येकाची वेळ वेगळी. एन्त्रान्या पातळ असते, कडक आचेवर सात-आठ मिनिटांत उरकते. मोशेहा, म्हणजे वासराच्या गळ्याशी असलेली ग्रंथी, मंद निखाऱ्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घेते, तेव्हा कुठे बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखी होते. अख्खा वासिओ दीड ते दोन तासांचं काम. हे सगळं एकाच क्षणी एका जाळीवर मांडायचं, तर काहीतरी थांबून राहिलेलं असतं आणि काहीतरी घाईत उतरवलेलं असतं. त्यातून ब्रासेरो खालून भाजतच राहतो. पहिला चोरिसो खाऊन होईपर्यंत दहा मिनिटं जातात, आणि रसदार सांगितलेला तुकडा तेवढ्यात चामड्याच्या वाटेला लागलेला असतो. चिंचुलिनेस तर त्याहून हळवे. ही लहान आतडी. वजडी आवडीनं खाणाऱ्याला ओळखीची वाटतील, फक्त इथे रस्सा नसतो. वेणी घालून किंवा कडी करून ती कडक भाजतात, वर लिंबू पिळतात. पहिल्या पाच मिनिटांत ती कुरकुरीत, त्यानंतर रबर. निखारे विझलेले असले तर उलट तऱ्हा: चरबी थिजते आणि जिभेवर मेणासारखी बसते. तव्यावरून ताटात पडलेली भाकरी आणि डब्यातून काढलेली भाकरी यांच्यात जे अंतर, तेच इथे.

यावर उपाय नाही असं नाही. मागवतानाच 'सिन ब्रासेरो' म्हणायचं, पारिशादा टाळून एकेक पदार्थ सांगायचा, 'मेदिया पोर्सिओन' म्हणजे अर्धी वाढणी मिळते का विचारायचं आणि शेवटी 'दे आ पोको', हळूहळू आणा, असं बजावायचं. दुपारी एकच्या सुमारास, निम्मी टेबलं रिकामी असताना हे छान जमतं. रात्री साडेनऊला जमेलच याची खात्री देता येत नाही. शेगडीवरच्या माणसासमोर तीस टेबलांच्या चिठ्ठ्या असतात, आणि तुमचं 'हळूहळू' वेटरच्या पहिल्या फेरीतच विरतं.

आता टेस्टिंग. त्याची खरी किंमत टप्प्यांच्या आकड्यात नाही, क्रमात आहे. शेगडीवरचा माणूस पाहुणे येण्याच्या तास-दीड तास आधी बाजूच्या लोखंडी पिंजऱ्यात लाकूड पेटवतो. चांगल्या ठिकाणी ते केब्राचो असतं: नावाचाच अर्थ 'कुऱ्हाड मोडणारं', इतकं घट्ट, निखारा दीर्घकाळ टिकणारा. पिंजऱ्यातून खाली पडलेले निखारे तो उलथन्यानं जाळीखाली ओढत जातो. ज्योत मांसाखाली कधीच येऊ देत नाही, कारण वितळलेली चरबी ज्योतीवर पडली की काजळी वर चढते आणि मांस कडवट होतं. जाळी चाकानं वर-खाली होते. चांगल्या जाळीच्या पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असतात आणि ती पुढे किंचित उतरती असते, म्हणजे चरबी पन्हळीतून वाहून जाते, निखाऱ्यावर ठिबकत नाही. तिरा आधी हाडाकडून ठेवतात आणि एकूण वेळेचा मोठा भाग तशीच राहू देतात. मांसाची बाजू शेवटी थोडाच वेळ खाली जाते. हाड उष्णता अडवतं, मांस सावकाश शिजतं. कट्ट्यावर बसून हे सगळं हातभर अंतरावरून दिसतं, आणि प्रत्येक गोष्ट तयार होते त्या क्षणी साठ-सत्तर ग्रॅमच्या तुकड्यात समोर येते.

प्रोवोलेतावरून फरक चटकन कळतो. दोन सेंटिमीटर जाडीची प्रोवोलोने चीजची चकती, वर ओरेगानो आणि भरड तिखट. जाळीवर थेट टाकायची तर ती आधी काही तास उघड्यावर सुकवून बाहेरून कोरडी करावी लागते, नाहीतर वितळून निखाऱ्यात जाते. म्हणून बरेच जण आता छोट्या लोखंडी तव्यात करतात. तळ खरपूस, मधला भाग ओघळता, ही अवस्था फार तर दोन मिनिटं. भरलेल्या टेबलावर पाच पदार्थांमध्ये आलेली प्रोवोलेता हमखास थिजते. एकटी आली तर ती थिजायला उरतच नाही.

गंमत म्हणजे अर्जेंटिनात घरी, रविवारी दुपारी असादो होतो तो याच पद्धतीनं. आधी पावात घातलेला चोरिसो हातात, लोक अजून उभेच असतात. मग आतडी, ग्रंथी वगैरे आचुरास. मग पातळ मांस, शेवटी जाड. जे होईल ते, होईल तेव्हा, पाटावर कापून फिरवायचं. भाजणारा स्वतः शेवटी बसतो आणि जेवणारे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. 'उन आप्लाउसो पारा एल असादोर' ही तिथली रीत आहे. पर्यटकांसाठी रचलेलं टेस्टिंग या घरगुती पंगतीच्या जास्त जवळ जातं आणि स्थानिकांनी भरलेलं पारिशा तिच्यापासून थोडं लांब, हे मान्य करायला जरा वेळ लागतो. पण ताटात काय येतं ते पाहिलं तर तसंच आहे.

तरीही टेस्टिंग डोळे मिटून घेऊ नये. बुकिंगपूर्वी मेन्यू वाचा आणि त्यात निखाऱ्यावरचं अस्सल मांस किती टप्प्यांत आहे ते मोजा. नऊपैकी दोन गोड, एक पाव, एक सॅलड आणि एक शेफच्या कल्पकतेचा नमुना असेल तर चारच उरले. त्या चारांत वासिओ किंवा तिरा आहे का पाहा. नुसता लोमो (पाठीकडचं मऊ मांस) आणि ओहो दे बीफे (बरगडीकडचा स्टेक) असतील तर माझ्या मते पैसे जपून ठेवावेत. लोमो घरच्या बिडाच्या तव्यावरही दहा मिनिटांत होतो; इथे आपण दोन-तीन तासांच्या विस्तवाचे पैसे मोजत असतो. आचुरास अजिबात नसतील तर पाहुण्यांना घाबरून मेन्यू केलेला आहे असं समजा. दुसरा प्रश्न: लाकूड की कोळसा? कोळसा वाईट नाही, अनेक उत्तम पारिशांमध्ये तोच असतो. पण विस्तव बघण्याचे जादा पैसे देतोय तर लाकूडच हवं.

टेस्टिंगमधले खुपणारे मुद्दे वेगळे आहेत. वेळ ठरलेली, बहुधा सात-साडेसातची, जेव्हा त्या शहरात जेवणाचं कुणाच्या मनातही नसतं. जेवण अडीच-तीन तास चालतं आणि वेग आपल्या हातात नसतो. समजावून सांगणं बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि पाठ केलेलं आहे हे कळण्याइतकं सफाईदार. आवडलेला तुकडा पुन्हा मागता येत नाही. कपड्यांना धुराचा वास लागतो तो दुसऱ्या दिवशीही जात नाही. कट्ट्यावर बसायचं तर लोकरीचं काही घालू नका. पारिशात यातलं काहीच नाही. तिथे शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या बसलेल्या असतात, साध्या पारिशात घरची वाइन कधी पेंग्विनच्या आकाराच्या चिनीमातीच्या सुरईतून येते, आणि बिल मागितल्याशिवाय कुणी आणून ठेवत नाही. ही हवा टेस्टिंगला नाही, येणारही नाही.

किती भाजायचं याचीही नोंद घ्या. 'हुगोसो' म्हणजे रसदार, 'आ पुन्तो' म्हणजे मध्यम, असं पुस्तकात असतं. पण तिथला हात पुष्कळदा एक पायरी पुढे जातो. गाभा गुलाबी हवा असेल तर पारिशात हुगोसोच सांगा. आ पुन्तो सांगून करडा गाभा आला तर परत काही करता येत नाही. टेस्टिंगमध्ये ही निवड बहुधा तुमच्याकडे नसतेच. मीठ भरड, बाकी मसाला जवळपास शून्य. चिमिचुर्री, म्हणजे हिरव्या पानांची तेल-व्हिनेगरातली चटणी, मुख्यतः चोरिसोसाठी. स्टेकवर चमचाभर ओतलीत तर कुणी ओरडणार नाही, पण एक भुवई वर जाईल.

चोरिसोवरून आठवलं: गोव्याच्या चोरिसाची चव डोक्यात घेऊन गेलात तर निराशा होईल. नाव एकच, पण गोव्याचा व्हिनेगर-मिरचीत मुरवून सुकवलेला, आणि अर्जेंटिनाचा ताजा, ओला, मिरचीविना. शिवाय त्यात बऱ्याचदा डुक्कर आणि गाय दोन्ही असतात. गोमांस न खाणाऱ्या मराठी माणसानं हे लक्षात ठेवावं. मोरसिशा रक्ताची असते. रक्ती खाणाऱ्यांना ती आवडण्याची शक्यता बरीच. गोमांस वगळायचं असेल तर या एका बाबतीत पारिशाच सोयीचं: बोंदिओला म्हणजे डुकराच्या मानेकडचं मांस, चिकन, कुठे कुठे पातागोनियाचं कोकरू, प्रोवोलेता, भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या. टेस्टिंगवाल्यांना बुकिंगच्या वेळी कळवलं तर ते पर्याय देतात, पण गोमांसाभोवती रचलेल्या नऊ टप्प्यांतून गोमांस काढलं की उरतं ते जोडकाम. आणि जाळी दोन्हीकडे एकच असते. त्याचं वावडं असेल तर दोन्ही वाटा सोडा.

पैशांचं म्हणाल तर पेसोतले आकडे लिहिण्यात अर्थ नाही, महिनाभरात ते शिळे होतात. ढोबळ अंदाज: दोघांच्या व्यवस्थित पारिशा-जेवणापेक्षा टेस्टिंग बरंच महाग पडतं, पण वाइन धरलेली असेल तर अंतर वाटतं तेवढं राहत नाही. पारिशाच्या बिलात 'कुबिएर्तो' नावाचं बसण्याचं शुल्क दिसेल. ती टीप नव्हे. टीप वेगळी, दहा टक्के, शक्यतो रोख. टेस्टिंगचे पैसे बहुधा आगाऊ घेतले जातात, तेव्हा विमान उतरेल त्याच रात्रीचं बुकिंग करू नका.

तिसरा पर्याय लोक विचारतात तो एस्तान्सियाचा, म्हणजे शहराबाहेरच्या गुरांच्या मोठ्या वाडीचा: सान आन्तोनिओ दे आरेकोच्या बाजूला दिवसाची सहल, घोडे, नाच आणि दुपारी असादो. मोकळं रान आणि घोडे हवे असतील तर जरूर जा. मांसासाठी नको, बसभर माणसांना एकदम वाढायचं म्हणजे पुन्हा तोच ब्रासेरोचा प्रश्न, फक्त मोठ्या मापात.

तर चौघं किंवा जास्त असाल, किंवा शहरात तीन-चार रात्री असतील, तर पारिशा, त्यातही शक्य झाल्यास दुपारचं. दोघं किंवा एकटे असाल आणि रात्र एकच असेल, तर थोडं ओशाळून का होईना, मी टेस्टिंगकडे बोट दाखवेन. दुसऱ्या दिवशी दुपारी विमानाआधी दोन तास असतील तर कोस्तानेरा सुरच्या गाड्यांवर जा आणि चोरिपान, म्हणजे पावात घातलेला चोरिसो, घ्या. चोरिसो उभा चिरून, चिरलेली बाजू खाली ठेवून भाजलेला मागा. पावाला आतून जाळीवर शेक द्यायला सांगा, नाहीतर चिमिचुर्रीनं तो तिसऱ्या घासाला फुटतो.